म्हातारपणाचा आकडा

प्रयोगशाळेतल्या बाईंचं सरांबद्दलचं मत एका वाक्यात संपत होतं: हा माणूस डोक्यावर पडलेला आहे, आणि तोही लहानपणीच. मत अर्थात त्या मनात ठेवत. एकतीस वर्षं त्या मेणात बसवलेल्या मांसाचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढत होत्या, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलत होत्या आणि जांभळ्या रंगात बुडवत होत्या. त्या काचांच्या जिवावर सर मोठे झाले होते.

सरांचा शोध असा. पेशीत केंद्रक असतं, आणि त्यातला धागा असा काही गुंतलेला असतो की कितीही जवळून पाहा, वळणात वळण दिसतंच. फुलकोबीचा तुरा मोडला की त्यात पुन्हा छोटी फुलकोबी दिसते ना, तसं. हे गुंतलेपण संगणक एका आकड्यात मोजतो. तरुण उंदराच्या पेशीत आकडा मोठा, म्हाताऱ्याच्या पेशीत लहान. "म्हातारपण म्हणजे केंद्रकाचं सपाट होणं!" असं सर व्याख्यानात सांगत आणि सांगताना स्वतःच्या टकलावरून हात फिरवत. टाळ्या पडत. काचेत प्रत्यक्ष काय आहे हे सूक्ष्मदर्शकातून बघायची त्यांना गरज वाटत नसे. पडद्यावर आकडा आला की गडी खूश.

यातली गोम बाईंना ठाऊक होती. तरुण उंदरांच्या काचा ताज्या रंगात बुडाल्या होत्या. बाकीचे उंदीर म्हातारे व्हायला दोन वर्षं लागली, तोवर रंग शिळा होऊन तळाला गाळ बसला. नव्या बाटलीच्या मागणीवर सही करायला सरांना आठ महिने सवड झाली नाही. शिळ्या रंगात केंद्रक फिकं उठतं, बारीक वळणं दिसेनाशी होतात. म्हातारा झाला होता तो रंग! सगळ्या वयांच्या काचा एकाच जाळीत उभ्या करून एकाच दिवशी रंगवायच्या, ही या कामातली बाराखडी. बाईंनी तसं सांगितलंही होतं. "तुम्ही रंगवा हो, विचार करायला आम्ही आहोत," सर म्हणाले होते. करा म्हणावं विचार.

आता बाहेरून परीक्षक येणार होते, म्हणून सरांनी बाईंपुढे एक कागद सरकवला. सगळ्या काचा एकाच दिवशी, एकाच रंगात रंगवल्या, असं त्यात छापलं होतं.

"सही करा. तुमची निवृत्ती दोन वर्षं पुढे ढकलणं माझ्या हातात आहे."

निवृत्ती म्हणजे घर, आणि घरात 'हे'. स्वतःची नोकरी संपल्यापासून हे खुर्चीतूनच ओरडत, "अगं, गॅस बारीक कर!" दिवसभर ते ध्यान समोर? नोकरी बाईंना हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती. पण त्यासाठी खोटी सही करून आपल्या कामाला आपणच काळं फासायचं, तेही या टकल्यासाठी? कागदाची घडी घालून त्यांनी ती पर्समध्ये टाकली.

"उद्या देते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, बोलणं कमी. सरांनी ऐटीत फर्मावलं, "बाई, एक तरुण नमुना आणा, एक म्हातारा." बाईंनी दोन काचा पुढे केल्या. संगणकाने एक आकडा मोठा दिला, एक लहान. मग काय, सर वीस मिनिटं सुटले. दुसऱ्या काचेतल्या वार्धक्यावर तर इतकं गहिवरून बोलले की त्या उंदराला उठून खुर्ची द्यावीशी वाटावी.

परीक्षक बाईंकडे वळले. "हा म्हातारा उंदीर किती वर्षांचा?"

"एक महिन्याचा," बाई म्हणाल्या. "दोन्ही काप एकाच उंदराचे आहेत, लागोपाठ काढलेले. एक ताज्या रंगातला, एक शिळ्या." आणि सही न केलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

सरांचं तोंड एवढंसं झालं.

सगळं काम पहिल्यापासून करा, असं परीक्षकांनी लिहून दिलं. चारशे काचा! असे काप काढणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे बाईंना ठेवून घेण्यासाठी सरांनाच कार्यालयात खेटे घालावे लागले. बाई राहिल्या, पण अट घालून. काचांवर वय लिहायचं नाही, नुसते क्रमांक. वयांची यादी बंद पाकिटात, परीक्षकांकडे.

पहिली जाळी रंगवून झाली. आकडे आले, तर सगळे एकमेकांच्या आसपास. सर दोन दिवस खोलीत येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी ते एक काच घेऊन बाईंच्या टेबलाशी आले, खिडकीच्या उजेडात धरून तिला उलटसुलट करत राहिले.

"बाई," शेवटी ते हळूच म्हणाले, "निदान एवढ्या एकीचं तरी सांगा ना. हा तरुण की म्हातारा?"

बाईंना हसू आलं. कीव मात्र आली नाही.

"बघा की," सूक्ष्मदर्शकाकडे मान उडवून त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा काप पाण्यावर सोडला.