लाहौलचा जेट, माळशेजचा घाट

माझ्या नवऱ्याला पार उत्तरेकडच्या, दहा हजार फुटांवरच्या लाहौलच्या डोंगरात बाईक न्यायची होती. बाईक म्हणजे जुनी टू-स्ट्रोक. मडगार्ड उंच करून, खाचांचे टायर चढवून त्याने तिची डर्ट बाईक केलेली. केमिकल कंपनीतून सुटला की डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगखाली तिच्यासमोर फतकल मारून बसायचा. माझ्यापेक्षा त्या कार्ब्युरेटरची विचारपूस जास्त व्हायची.

उंचावर हवा विरळ, म्हणून पेट्रोलही कमी द्यायचं. त्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये बारीक भोकाचा पितळी जेट बसवायचा आणि खाली आलं की परत मोठा. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. पण सराव करायचा कुठे? आमच्याकडे उंची म्हणजे माळशेज. म्हणून लाहौलसाठी घेतलेला जेट त्याने घाटमाथ्यावर, चहाच्या टपरीपाशी बसवला. बाईक उलट जास्तच चपळ पळायला लागली, तशी स्वारी खूश. निघताना मी म्हटलं, आता मोठा जेट घाल. घरी जाऊनच बदलू म्हणाला आणि पाना पिशवीत टाकला.

मी माझ्या स्कूटरवर त्याच्या मागे होते. दोनेक वळणांतच मला कळलं, काहीतरी बिनसलंय. त्याने रेस सोडली तरी इंजिनाचा आवाज खाली येत नव्हता, वरच्या पट्टीतच किंचाळत राहायचा. त्या इंजिनाचं वंगण पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं, पिस्टन आत चिकटतो आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. हे त्यानेच मला एकदा जेवताना मजेत सांगितलं होतं. आता एका बाजूला दरी होती आणि समोरून ट्रक येत होते.

मी हॉर्न वाजवायला लागले, सोडलाच नाही. त्याने मागे न बघता अंगठा वर केला. मला रडू फुटलं. मोठ्याने शिव्याही दिल्या, त्या हेल्मेटमध्येच राहिल्या. प्रत्येक वळणाला तो दिसेनासा व्हायचा आणि मी समोरच्या रस्त्यावर तो पडलेला बघायची तयारी करायचे.

घाट संपला. आता सुटलो असं वाटलं, तेवढ्यात त्याने सरळ रस्त्यावर वेग घेतला आणि आवाज एकदम तुटला. मागचं चाक अडकलं, बाईक आडवी-तिडवी घसरत गेली. त्याने क्लच दाबला होता म्हणून चाक सुटलं आणि तो कडेच्या गवतात जाऊन थांबला. मागून येणारा ट्रक त्याच्या शेजारून निघून गेला.

मी पोचले तेव्हा तो हेल्मेट काढून खाली बसला होता. चेहरा पांढराफटक. कुठे लागलंय का म्हणून मी त्याचे हातपाय चाचपत राहिले. लागलं नव्हतं.

"हॉर्न ऐकू आला नाही तुला?"

"आला ना." तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तू नुसतीच घाबरलीयस."

"मग? मी घाबरले तर थांबायचं नसतं का रे?"

त्याने पिशवीतून मोठा जेट काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो मुठीत धरून मी त्याच्या शेजारी बसले.