बत्तिसावा कागद

वेलिशोकच्या आमच्या येशिवात, म्हणजे ज्यूंच्या धर्मपाठशाळेत, नव्वद विद्यार्थी धर्मग्रंथ शिकायचे. सगळ्यांना धाक होता तो धर्मगुरू रब्बी झेलिग यांच्या प्रश्नांचा. कितीही पक्कं उत्तर द्या, ते डोळे मिटून म्हणायचे, "बरं. आणि तसं नसेल तर?"

महायुद्ध संपलं आणि त्यांच्या दाराशी बायका येऊ लागल्या. नवरा झारच्या सैन्यात गेलेला, परत आलेला नाही, मेल्याचा पुरावा नाही. आमच्या धर्मात अशी बाई अडकलेली. ती विधवाही नाही आणि सधवाही नाही, तिला दुसरं लग्न करता येत नाही. रब्बी एकेकीसाठी आठ-आठ दिवस ग्रंथ उपसायचे, साक्षीदार शोधून आणायचे. अशा बाईसाठी वाट सापडत असेल तर ती शोधलीच पाहिजे, असं ते आम्हाला शिकवायचे. शेवटी स्वतःच्या हातानं कागद लिहून म्हणायचे, "जा बाई, मोकळी झालीस." मग डोकं धरून दिवसभर पडून राहायचे. पहिल्या वर्षभरात अशा एकतीस जणी त्यांनी सोडवल्या. पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराच्या बायकोला तर केवळ बुटांच्या जोडावरून सोडवलं.

बत्तिसावी त्यांची मुलगी होती.

फ्रेदाचं लग्न १९१४ च्या वसंतात शमार्याशी झालं. तो माझ्या बाकावरचा, गोड गळ्याचा. चार महिन्यांत आम्हा दोघांना एकाच पलटणीत नेलं. पुढच्या शरदात नदी ओलांडताना आमची दाणादाण उडाली. पाच दिवसांनी मला काठावर एक प्रेत दिसलं. चेहरा उरला नव्हता. अंगावर शमार्याचा कोट होता. आतलं अस्तर फ्रेदानं शिवलेलं, काखेत निळ्या कापडाचं ठिगळ. मी हातांनी माती उकरून त्याला पुरलं.

पुढे शत्रूनं मला पकडलं. कैदेतून सुटून मी परतलो तो १९१९ मध्ये. फ्रेदानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "नोता, ठिगळ निळं होतं ना?"

मुलीचा निवाडा बाप करू शकत नाही, म्हणून शेजारच्या गावचे रब्बी कल्मन आले. म्हातारे, हसरे, पोट सुटलेले. माझी साक्ष ऐकून म्हणाले, "झेलिग, बुटांवर एक सोडवलीस. इथे पोरीच्या हातचे टाके आहेत. मी लिहितो, तू फक्त खाली सही कर. तुझ्या सहीशिवाय माझा कागद कोण विचारतो?"

रब्बी झेलिग माझ्याकडे वळले. "नोता, थंडीत शिपाई एकमेकांचे कोट घालायचे का?"

कल्मन माझ्याकडे बघत होते, जणू म्हणत होते, बाळा, तोंड आवर.

"घालायचे," मी म्हणालो.

"शमार्या?"

"त्यानं कधी कुणाला दिला का, ते मी पाहिलं नाही."

"म्हणजे दिला असेलही."

"असेलही, रब्बी."

त्यांनी सही केली नाही. कल्मन जेवायलाही थांबले नाहीत. गाडीत चढताना म्हणाले, "दगडालाही पाझर फुटतो, झेलिग."

आतल्या खोलीतलं बोलणं भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. फ्रेदा ओरडत नव्हती.

"तिला बुटांवर सोडवलंत, ताते. मला कोट पुरत नाही?"

"त्या बुटांचं माप मोच्यानं ओळखलं होतं. इथे शंका आहे. आणि तुझ्यासाठी ती मी गिळली, तर लोक म्हणतील, याचे सगळेच कागद असले. एकतीस जणींची लग्नं झालीत, फ्रेदा. पोरं झालीत. त्या पोरांकडे बोट दाखवतील."

"म्हणजे एकतीस घरांचं ओझं माझ्या डोक्यावर."



फ्रेदानं येशिवाचं स्वयंपाकघर हाती घेतलं. आई कधीच गेली होती. बापलेक एका टेबलाशी जेवायचे, पण बोलणं मीठ आणि पाव यापलीकडे जात नसे. पुस्तकं बांधणाऱ्या लाझर नावाच्या विधुरानं तिच्यासाठी चार वर्षं वाट पाहिली, मग दुसरीकडे संसार थाटला. बायका तर येतच राहिल्या. रब्बींकडे जाण्याआधी त्या स्वयंपाकघरात टेकायच्या, आणि फ्रेदा त्यांना बार्लीचं गरम सूप वाढायची. निघताना कुणी आनंदानं तिच्या गळ्यात पडायची, तेव्हा ती हातातलं भांडं तेवढं बाजूला धरायची.

१९३० मध्ये एक पाहुणा आला. जुना शिपाई, युद्धानंतर सैबेरियात अडकून पडलेला, आता कुठल्याशा अनाथाश्रमासाठी गावोगाव फिरणारा. बोलता बोलता पलटणीचं नाव निघालं. तो म्हणाला, "तुमच्या गावचा एक होता, शमार्या. गायचा छान. माझ्या शेजारीच गोळी लागली त्याला. डोकं माझ्या मांडीवर होतं. मग मीच त्याला नदीत सोडून पळालो."

रब्बींनी त्याला दोन तास प्रश्न विचारले. मग दुसऱ्या रब्बींचा निवाडा घेतला आणि कागद स्वतः लिहिला. शाई दोनदा सांडली.

शुक्रवार होता. फ्रेदा मासे साफ करत होती. तिनं हात पुसले, उभ्या उभ्या कागद वाचला.

"सुतक किती?" तिनं विचारलं.

महिन्याभरानंतर बातमी कळली तर सात दिवस पाळायचे नसतात, हे तिलाही ठाऊक होतं. तरी रब्बींना ते तोंडानं सांगावं लागलं.

"एक तास."

"तासच?"

"तासच, पोरी."

तिनं बूट काढले आणि चुलीजवळ जमिनीवर बसली. रब्बी दारात स्टुलावर बसले. तास भरल्यावर तिनं बूट घातले आणि उरलेले मासे साफ केले. छत्तीस वर्षांची होती ती.

त्यानंतर रब्बींनी एकही निवाडा केला नाही. शिकवायला बसायचे, पान उघडायचे आणि म्हणायचे, "तुम्हीच वाचा." दोन वर्षांनी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यांची खुर्ची मी रिकामीच ठेवली. ती साक्ष माझ्याही मनातून जात नव्हती. त्या दिवशी खोटं बोलायला हवं होतं का, हे त्यांनाच विचारायचं होतं, पण आता ते बोलू शकत नव्हते.

फ्रेदा त्यांना चमच्यानं भरवायची. एका दुपारी मी दाराशी आलो तर ती बोलत होती. त्या घरात एवढं सलग बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. शमार्या झोपेत कसा घोरायचा, लग्नाच्या दिवशी घाईत मोजे कसे उलटे घातले होते, कोबी त्याला कसा अजिबात आवडत नसे. रब्बींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सूप पुसायच्या फडक्यानंच ती ते पुसत होती आणि पुढे सांगत होती.

मी पाय न वाजवता मागे फिरलो.

हिवाळ्यात ते गेले. फ्रेदा मावशीकडे रिगाला निघून गेली. तिथे एका बेकरीत काम करते, असं ऐकतो.