फौजदाराची मला आवडलेली गोष्ट

चारचौघांत काही वाचून दाखवायची वेळ आली की आजही माझ्या तळहातांना घाम सुटतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे कबूल करताना संकोच वाटायला हवा. मला तो वाटत नाही, कारण या भीतीच्या मागे जे आहे त्याची लाज फार मोठी आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पुणे जिल्ह्यातल्या कळंबजवळच्या एका गावात वाचनालय सांभाळत होतो. गावातल्या सुना वाचनालयात येत नसत, म्हणून वाचनालय त्यांच्याकडे जाई. दर मंगळवारी लुनाला दोन्ही बाजूंनी पिशव्या अडकवून मी घरोघर फिरायचो, ओट्याखाली उभा राहून "पुस्तकं!" अशी हाक द्यायचो, जुने पुस्तक घ्यायचो आणि नवे द्यायचो. कोणाच्याही ओट्यावर पाय ठेवायचा नाही, हा नियम मी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. त्या नियमाचा मला अभिमान वाटे.

सर्वाधिक मागणी एका रहस्यकथामालेला असे. तिचा नायक दम्याने बेजार झालेला एक निवृत्त फौजदार होता. तो कधी धावत नसे, कोणावर हात उगारत नसे. लोकांच्या घरी बसून चहा पिता पिता त्याला सगळे दिसत जाई. पुढे ती माला बंद पडली. बायका दर मंगळवारी विचारायच्या, "भाऊ, फौजदार मेला का काय?" मी काय सांगणार?

मग एका मंगळवारी गावाबाहेरच्या वस्तीवरून परत आलेल्या पुस्तकात मला एक वही सापडली. पहिल्या पानावर लिहिले होते, "फौजदार जिवंत आहे." पुढे बारीक, सरळ अक्षरात एक संपूर्ण गोष्ट होती. पुस्तक ज्या घरून आले ते शेतकऱ्यांच्या विकास सोसायटीच्या चेअरमनचे होते आणि वही त्यांच्या बायकोची. पुढच्या खेपेला ती हळूच म्हणाली, "तुमच्यापुरतं ठेवा भाऊ." मी शब्द दिला.

दुसऱ्याच्या पात्राला घेऊन वाचकाने रचलेल्या अशा कथांना हल्ली फॅन फिक्शन म्हणतात. तेव्हा मला हा शब्द ठाऊक नव्हता. त्या वर्षभरात तिने फौजदाराच्या आठ गोष्टी लिहिल्या आणि मी त्या मूळ पुस्तकांपेक्षा अधिक आवडीने वाचल्या. एकीत तो विहिरीवरची चोरीला गेलेली मोटर शोधतो, एकीत बाजारातल्या बेवारस पिशवीचा मालक. मी समासात पेन्सिलीने अभिप्राय लिहायचो आणि वही परत करायचो. एखादे हस्तलिखित फक्त आपल्यालाच वाचायला मिळते, या सुखाची मला चटक लागली होती.

मला सर्वांत आवडली ती आठवी गोष्ट. फौजदार एका शेतकऱ्याच्या घरी चहाला जातो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीची कडी बाहेरून आहे, हे त्याला दिसते. "आत काय ठेवता?" तो विचारतो. "कांदा-लसूण," घरातली म्हातारी सांगते. इतक्यात ओट्याखाली पोस्टमन हाक मारतो. सूनबाई कुठे आहेत, असे तो विचारतो. म्हातारी म्हणते, "म्हायेरी गेलीय." पोस्टमन बरं म्हणून निघून जातो. फौजदार उरलेला चहा पितो आणि तोही निघतो. गोष्ट तिथेच संपते.

मी समासात लिहिले, "शेवट अपुरा वाटतो. फौजदाराने कडी काढायला हवी होती." पुढच्या मंगळवारी त्याखाली तिच्या अक्षरात उत्तर आले, "फौजदार पाहुणा आहे. पाहुणे दुसऱ्याच्या घरातली कडी काढत नाहीत." किती सुरेख लिहिले आहे, एवढेच माझ्या मनात आले.

वर्धापनदिनाला ग्रंथपालाने वर्षभरात आवडलेला मजकूर वाचून दाखवायचा, अशी आमच्या वाचनालयाची प्रथा होती. मी ती आठवी गोष्ट निवडली. नाव सांगितले नाही म्हणजे शब्द मोडला असे होत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. खरे तर एक लेखणी आपण शोधून काढली, हे मला गावाला दाखवायचे होते.

रविवारी दुपारी कार्यक्रम होता. चेअरमन कार्यकारिणीवर असल्यामुळे व्यासपीठावर बसले होते. ती आली नव्हती. पुरुष पुढे आणि बायका मागे सतरंजीवर बसल्या होत्या. मी रंगून वाचत होतो. कडीचा उल्लेख आला तशी बायकांमधली कुजबुज एकदम थांबली. हळदीकुंकवाला त्या सगळ्या चेअरमनच्या घरात जाऊन ती कडी पाहून आलेल्या होत्या. मी मात्र कधीच ओटा ओलांडला नव्हता.

पोस्टमनचे वाक्य वाचायला मी तोंड उघडले आणि ते वाक्य माझ्याबद्दल आहे हे मला कळले. तिच्या सासूने मला कितीदा सांगितले होते, "म्हायेरी गेलीय." मी कितीदा बरं म्हणून लुनाचे पायडल मारले होते. माझी हाक त्या बंद खोलीत ऐकू जात असणार. वाचन थांबवायचे धैर्य मला झाले नाही. थांबलो तर कारण सांगावे लागेल, या धास्तीने मी शेवटपर्यंत वाचत गेलो.

टाळ्या तुरळक पडल्या. चेअरमन माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "लई झाक वाचलं राव. वही द्या जरा. निवांत वाचीन म्हनतो."

त्यांनी ती ओढून घेतली नाही, मला दमही दिला नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला. आणि मी ती वही, तिच्या अक्षरासकट, त्यांच्या हातात ठेवली.

ते मोटरसायकलवरून गेले. अंगणवाडीच्या ताई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आल्या.

"वही कुटंय?"

"त्यांना दिली."

"दिली?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी नजर खाली घातली. "बरं. आता मुकाट ऐका. आमी साताठ जनी जाऊन तिच्या सयपाकघरात बसतो. म्हनावं, कुरडयांचं ठरवायला आलोय. तिचा भाऊ आल्याबिगर उठायचं न्हाई."

"आन् च्या कोन करनार समद्यांना?" एकीने विचारले.

"करंल की चेअरमन!" दुसरी म्हणाली. कोणी हसले नाही, पण सगळ्या चपला घालू लागल्या.

"तिचा भाऊ शिनोलीला दुकानात मोटरींचं वायंडिंग भरतो," ताई मला म्हणाल्या. "उभं काय राहिलात खांबावानी? निघा!"

मी निघालो. मंचर मागे पडेपर्यंत आपण काय केले आहे, एवढेच डोक्यात होते. घोडेगावात आल्यावर दुसरी भीती समोर आली. भाऊ विचारील, हे तुम्हाला कसे कळले? मी एका हॉटेलापुढे लुना लावून चहा सांगितला. त्यानंतर आणखी एक सांगितला. तिकडे त्या घरात काय चालले असेल हे मला दिसत होते, आणि तरीही स्वतःसाठी एक बरे वाक्य जुळवत मी तिथे बसलो होतो. अर्धा तास गेला असावा. पुढे घडलेल्या कशातही त्या अर्ध्या तासाने फरक पडला नाही, असे मला नंतर ताईंनी सांगितले. मी तो अजून माझ्या नावावरून पुसलेला नाही.

भाऊ दुकानातच होता. व्हार्निशने त्याची बोटे काळी झाली होती. सगळे ऐकून त्याने फक्त विचारले, "तुमाला कुनी सांगितलं?"

"बायका बोलत होत्या," मी म्हणालो.

त्याने शेजाऱ्याची जीप काढली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलले होते. चेअरमन ओट्यावर बसले होते आणि मांडीवर वही होती. आतून बायकांचा आवाज येत होता, तिखट-मिठाचे प्रमाण चालले होते.

"या पावणं," ते म्हणाले. "वाट वाकडी केली?"

"दाजी, तिला न्यायला आलोय."

"न्या की. बहीन तुमची लई रंगवून लिवती बगा. घरादाराची अब्रू येशीला टांगली."

"रंगवती ना?" आतून ताई उंबऱ्यावर आल्या. "मंग आता म्हायेरी बसून रंगवंल. चल गं बाई."

बायका तिला मध्ये घेऊन बाहेर आल्या. तिच्या उजव्या हाताला ओले फडके गुंडाळलेले होते आणि बोटे सुजली होती. बायका पोचण्याआधी चेअरमन पोचले होते. मी त्या हाताकडे पाहिले. भावाने तो हात पाहिला, दाजींकडे पाहिले. ताईंनी त्याचा दंड धरून त्याला जीपकडे वळवले.

चढण्यापूर्वी ती माझ्यासमोर थांबली. इतक्या मंगळवारांत पहिल्यांदाच आमच्या मध्ये ओटा नव्हता.

"भाऊ, वही त्यांनी हिसकावली, का तुमी दिली?"

ताई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना खरे ठाऊक होते.

"हिसकावली," मी म्हणालो.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तुमी द्यायचं न्हाई."

ती डाव्या हाताने गज धरून वर चढली. जीप वळून रस्त्याला लागेपर्यंत मी जागचा हललो नाही. ती मागे वळून पुन्हा एकदा विचारील, अशी मला भीती वाटत होती.