आपोआप आलेलं पाणी

जायकवाडी धरणात नुसता चिखल उरला होता, त्या वर्षी आमच्या घरात ब्लॉग सुरू झाला. बायपासच्या पलीकडं, काल-परवापर्यंत जिथं ज्वारी उभी असायची, तिथं आम्ही नवं रो-हाऊस घेतलं होतं. बिल्डरनं कॉलनीच्या नावात 'सरोवर' घातलं होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं.

नवऱ्याला लेखक व्हायचं होतं. ब्लॉगला त्यांनी धबधब्याचं चित्र लावलं आणि पावसावर कविता टाकल्या. मग प्लग-इनचं वेड लागलं. एक प्लग-इन पडद्यावर पाऊस पाडायचं, एक प्रतिक्रिया देणाऱ्याचे आपोआप आभार मानायचं, एक वाचक मोजायचं. त्यानं मोजले दोन वाचक. एक हे घरून, दुसरे हेच ऑफिसातून.

"वाचलंस का?" रोज जेवताना विचारायचे. घरातल्या माणसानं वाचावं, एवढीच त्यांची भूक होती. मी भाकरी थापता थापता, न वाचताच, "छान आहे" म्हणायची.

एकदा मात्र मी वैतागले. "अहो, पाऊस कशाला पाडताय? नळ कधी येणार ते लिहा, लोक पाया पडतील."

त्यांनी लिहिलं आणि लोक खरंच वाचायला लागले. नळ पहाटे यायचे. हे उठून तोटी बघायचे, ब्लॉगवर टाकायचे, की गल्लीतले फोन वाजायचे. भाजीवालासुद्धा 'सर' म्हणायला लागला. पण मोठ्या लेखकानं पहाटे उठायचं म्हणजे काय? त्यांनी आणखी एक प्लग-इन आणलं. मजकूर आधीच लिहून ठेवायचा, ठरल्या वेळी तो आपसूक छापला जातो. पाण्याचा वार ठरलेला, वेळ ठरलेली, मग अडचण कसली?

आता आमच्याकडची रीत सांगते. नळ आले की साठवलेलं पाणी त्याच क्षणी शिळं होतं. ते ओतायचं, ड्रम घासायचे, मग ताजं भरायचं. दुष्काळ असो नाहीतर काही, ताजं दारात आल्यावर शिळं पिणार कोण?

त्या पहाटे माझा फोन वाजला. 'नळाला पाणी आले आहे. मी स्वतः धार पाहिली. काय तो खळखळाट!' खळखळाट पाहणारे माझ्या शेजारी घोरत होते. मी उठून तोटी फिरवली. फुस्स झालं, बस्स. मोठी पाईपलाईन कुठंतरी फुटली होती, हे मागाहून कळलं. गल्लीत सांगावं म्हणून दार उघडलं, तर रस्त्यावर ओतलेल्या पाण्याचा पाट वाहत होता. अंगणं धुऊन झालेली, ड्रम घासून उलटे घातलेले.

ऊन वर यायच्या आत सगळी गल्ली आमच्या फाटकाशी. लासूर स्टेशनकडची शेजारीण कमरेवर हात ठेवून आमच्या ड्रमांत डोकावली.

"व्हय वो वहिनी, आमाला ओताया लावलं आन् तुमचे ड्रम गच्च? सायबाला समदं ठावं व्हतं म्हणा की!"

दुसरीनं ब्लॉगवर शिव्या लिहिल्या होत्या. त्यावर आलेलं उत्तर तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. असाच लोभ असू द्यावा.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय सांगणार? नवऱ्यावर भरवसा नव्हता म्हणून ड्रम भरलेले राहिले, हे चारचौघांत बोलायचं कसं? मी कळशी भरली आणि ह्यांच्या हातात दिली. लेंगा वर खोचून सरांनी घरोघर पाणी पोचवलं. दुपारपर्यंत आमचे ड्रमही तळाला गेले. टँकर येतो येतो म्हणत आलाच नाही.

संध्याकाळी ते कॉम्प्युटरपुढं बसले होते. पडद्यावरचा पाऊस पडतच होता. गल्लीनं काय काय ऐकवलं, त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना भलतंच लागलं होतं.

"सगळ्या गल्लीनं माझं वाचून पाणी ओतलं," ते म्हणाले. "तू तेवढी नाही ओतलंस. म्हणजे तू माझं वाचतच नाहीस."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. इतके दिवस न वाचता "छान" म्हणत आले होते. आज खरं सांगण्यासारखं होतं.

"वाचलं होतं की," मी म्हटलं. "म्हणून तर नाही ओतलं."