हलकी गोळी
चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आतषबाजी झाली की आमच्या ट्रॉय शहरातल्या गल्लीत फटाक्यांच्या दारूचा वास रेंगाळतो आणि मला मिशिगनच्या उत्तरेकडचं ते नेमबाजीचं मैदान आठवतं. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. हजार यार्डांवरच्या निशाण्याची, संघात घेण्यासाठीची निवड-स्पर्धा होती आणि काडतुसं आणायचं काम तिने माझ्यावर सोपवलं होतं. सकाळी मैदानावर तिने खोका उघडला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, दिस इज द राँग वेट! ही गोळी हलकी आहे, वाऱ्याने वाहवत जाईल." तिचा सगळा सराव जड गोळीचा होता. मी रांगेतल्या प्रत्येक नेमबाजाकडे धावलो, अक्षरशः हात जोडले, पण तिच्या रायफलला चालणारी काडतुसं कुणाकडेच नव्हती आणि जवळचं दुकान तासाभराच्या अंतरावर होतं. शेवटी ती तीच काडतुसं घेऊन गवतावर पालथी झाली. वाऱ्याची दिशा दाखवणारे झेंडे नुसते फडफडत होते. प्रत्येक बार उडाल्यावर मी दुर्बिणीतून बघायचो आणि गोळी कडेलाच लागलेली दिसायची. एक तरी मधे लागू दे, असं मी पुटपुटत राहिलो. तिची निवड हुकली. परतताना गाडीत मी म्हणालो, "ओरड ना माझ्यावर." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "यू फरगॉट. इट्स ओके, बाबा." मी विसरलो नव्हतो. सरावाने काळानिळा पडलेला तिचा खांदा मी पाहिला होता, म्हणून बार उडताना खांद्याला कमी धक्का देणारी हलकी गोळी दुकानात मुद्दाम निवडली होती; वाऱ्याचा विचार मला सुचलाच नव्हता. हे तिला सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.