आरशावरची डाळिंबी टिकली

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. लिंबातून रक्त काढणाऱ्या बाबांचं बिंग दरवर्षी आठवीच्या वर्गात मीच फोडते. असले अनुभव सांगणाऱ्या मैत्रिणींची मी इतकी थट्टा केली आहे, की हे लिहिताना त्यांचे चेहरेच डोळ्यांसमोर येतायत... हसा बायांनो, आता तुमची पाळी. पण जे झालं ते झालं.

आम्ही इंदापूरजवळ शेतातच राहतो. मी, आमचे हे आणि माझी धाकटी जाऊ अर्चना. माझे दीर तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेले, चाळिशीही गाठली नव्हती. तेव्हापासून अर्चना आरशासमोर उभी राहत नव्हती. वेणी घालायची तीसुद्धा स्वयंपाकघराच्या दारात, अंदाजाने. भांग रोज वाकडा. तिला घरात कुणी कसली मनाई केली नव्हती, पण 'टिकली लाव गं' असंही कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणायचं तर ते मीच म्हणायला हवं होतं. कारण दीर गेले त्या दिवशी, जमलेल्या बायकांच्या सांगण्यावरून, तिची टिकली मी माझ्या हातानं काढली होती. विज्ञानाच्या बाईंनी! रोज ठरवायचे, आज बोलू. रोज जीभ रेटायची नाही.

मग गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आडवाटेनं जायचं ठरवलं. वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमधले एक आबा घर रिकामं करून मुलाकडे पुण्याला निघाले होते. त्यांच्याकडे जुनं ड्रेसिंग टेबल होतं — तीन ड्रॉवर, वर लंबगोल आरसा. म्हटलं, अर्चनाच्या खोलीत तिचं स्वतःचं असं काहीतरी असू दे. टेबलाला आकाशी ऑइल पेंट फासलेला होता.

"रंगावर जाऊ नका बाई, आत सागवान हाय," आबा म्हणाले. "रंग ही आमच्या मंडळींची हौस."

आरशाच्या कडेनं टिकल्याच टिकल्या होत्या. मी बघतेय हे पाहून आबा हसले. "झोपताना काढायची आन् हितंच चिकटवायची. आन् बिनटिकलीची कुणी बाई दारात आली की हितली काढून थेट तिच्या कपाळाला! इचारायचं न्हाय, पुसायचं न्हाय. शेजारणी भांडून जायच्या, तरी ऐकायची न्हाय." हसता हसता त्यांनी टॉवेलनं डोळे पुसले. त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष झालं होतं.

टेम्पोतून टेबल उतरल्यावर, अर्चना गोठ्यात आहे एवढं बघून, मी आधी काय केलं असेल? ब्लेडनं सगळ्या टिकल्या खरवडल्या आणि स्पिरिटनं काच लख्ख पुसली. अर्चनाला बघून वाईट वाटायला नको! वर आपण किती समजूतदार, असंही वाटलं.

रंग मात्र दोघींनी मिळून काढायचा, असा हट्ट मी धरला. आरसा सोडवून पडवीत भिंतीला टेकवला, त्यावर चादर टाकली आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. पहिल्या दिवशी अर्चना माझ्या आग्रहाखातर घासत होती. दुसऱ्या दिवशी आकाशी रंगाखालून सागवान दिसायला लागलं आणि बाई माझ्यावरच डाफरायला लागल्या. "ताई, रेषेला आडवं घासू नका, वरखडं उठत्यात!" ड्रॉवर आणि वरच्या फळीला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा अक्रोडी रंग, बाकी अंगाला साईसारखा पांढुरका पेंट — हेसुद्धा तिनंच ठरवलं. तीन वर्षांत तिनं काही ठरवलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...

तिसऱ्या दिवशी सकाळी आरशावरची चादर काढली, तर उजव्या कडेला टिकली. छोटी, गोल, डाळिंबी रंगाची. एखादी राहिली असेल म्हणून काढून टाकली. चौथ्या दिवशी त्याच जागी पुन्हा! पाचव्या दिवशीही. माझ्या टिकल्या लांबट असतात, अर्चनाकडे तर टिकलीचं पाकीटच नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "मला काय करायचीय टिकली? मिशीवर लावू?"

मग मी शिक्षकी खाक्यात आले. अर्चना दोन दिवस माहेरी सुप्याला गेली होती. मी काच पुन्हा स्पिरिटनं पुसली, आरसा चादरीत गुंडाळला, सुतळीनं बांधला, लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. ती परत आली त्या दुपारी कपाट उघडलं. गाठ माझीच होती. सुतळी सोडली, चादर उलगडली...

टिकली. त्याच जागी. कड जरा उचलून पाहिली, तर गोंद बोटाला चिकटला, इतका ताजा.

भीती वाटली का? खरं सांगते, नाही. कुणीतरी मोठं माणूस मायेनं रागावतंय, असं काहीतरी वाटलं. त्या दिवशी मात्र मी ती टिकली काढली नाही.

वरच्या फळीवर स्टेनचा शेवटचा हात मी फिरवला. तो सुकल्यावर दोघींनी मिळून आरसा बसवला आणि राहिलेल्या कडांवर मी स्टेनचं बोट फिरवलं. अर्चना समोर उभी राहिली. टिकलीकडे बघत म्हणाली, "ताई, रोज लावून ठेवता आन् रोज तुमीच काढता. त्वांडानं सांगाया काय हुतंय?"

मी स्टेनचा डबा खाली ठेवला.

"सकाळी सडा टाकायच्या आधी रोज चादर उचलून बघती मी. आज तरी ताई बोलत्याल, म्हनून." ती माझ्याकडे वळली. "लावू का न्हाय, येवढंच सांगा. तुमी काढली हुती. दुसऱ्या कुनी सांगून भागायचं न्हाय."

'मी नाही लावत गं,' हे खरं उत्तर ओठांवर आलं होतं. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलंय. पण ते उत्तर दिलं असतं, तर ती आणखी तीन वर्षं दारात उभी राहून वेणी घालत बसली असती.

"व्हय गं," मी म्हटलं. "मीच." आणि काचेवरची टिकली काढून तिच्या कपाळाला लावली. माझी बोटं स्टेननं माखलेली होती, टिकलीशेजारी तपकिरी ठसा उमटला. तिनं आरशात पाहिलं आणि रडता रडता हसायला लागली. "ह्यो कसला डाग लावलाय, ताई!" तो डाग निघता निघेना, आणि बाई तश्शाच बाजारात जाऊन आल्या.

त्यानंतर ती डाळिंबी टिकली आरशावर कधी आली नाही. गोंद, उन्हाळा, माझा विसरभोळेपणा, सगळं ताडून पाहिलं. कुलूपबंद कपाट कशातच बसत नाही. आबांना फोन केला, तर त्यांनी एवढंच विचारलं, "आरशावं टिकल्या हायत न्हवं?" हो म्हटलं. आता असतात, कडेनं रांगच असते. त्या अर्चनाच्या.

मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. फक्त एक कबुली राहिली आहे, आणि अर्चना, तू हे वाचणारच आहेस. आरशावर रोज यायची ती टिकली मी लावत नव्हते गं. तुझ्या कपाळाला लावली, ती मात्र मीच. आणि ती मी तीन वर्षं उशिरा लावली.