किंमत खरवडताना

सुमनमावशींच्या भेटवस्तूंच्या छोट्या दुकानासाठी मी वेबसाइट बनवतोय. काल त्या एका लाकडी करंड्यावरची किमतीची चिठ्ठी नखाने खरवडत होत्या. वस्तू बांधण्याआधी त्या हे नेहमीच करतात. बाजारव्यवस्थेला झोडपणारी पत्रकं वाटत मी चळवळीत वाढलो. पण वस्तू बाजारातून सोडवून माणसाच्या हाती देणं इतकं साधं असतं, हे एकाही पत्रकात नव्हतं.

गिऱ्हाईक घटलंय. वेबसाइटशिवाय दुकान टिकणार नाही, हे मावशींनाही ठाऊक आहे.

“पार्सलात बिलही जाणार ना रे? म्हणजे भेट उघडणाऱ्याला आधी आकडाच दिसणार.”

“बिल भेट देणाऱ्याच्या फोनवर पाठवू, मावशी.”

“तेवढं जमव. मग दुकान खुशाल घाल तुझ्या त्या फोनात.”